गोदाआक्का गप्प बसल्या होत्या, याबाबत

प्रथम तारखा, आणि प्रत्येकीपुढे जबाबदार व्यक्ती. तारखा मी आमच्या गावच्या रिवाजाप्रमाणे सणावारांवरून देतो. कॅलेंडरची तारीख दिली की समोरच्याला "आठवत न्हाई" म्हणण्याची सोय होते, आणि ती सोय मी कोणालाही देऊ इच्छित नाही.

गेल्या पोळ्यानंतरच्या आठवड्यातील एक पहाट, केनिया देशातील मारा हे अभयारण्य. आमची जीप मुक्कामाच्या फाटकातून वेळेवर निघाली नाही. जबाबदार: कै. गोदाआक्का, माजी सरपंच.

त्याच दिवशी, ऊन तापण्यापूर्वी. एक चित्ता आमच्या जीपच्या टपावर येऊन बसला. त्यास कोणी जबाबदार नाही. तो बसलेला असताना डोळे मिटून घेण्यास मात्र अंबाजोगाईचे एक डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी हे जबाबदार आहेत.

नवरात्राची पाचवी माळ, आमच्या गावातील मारुतीचा पार. आक्कांनी परत येऊन केलेले कथन भर सभेत हसण्यावारी नेण्यात आले. जबाबदार: दत्ताभाऊ, एका संस्थेचे माजी उपसभापती, नात्याने आक्कांचे चुलत पुतणे.

संक्रांतीच्या आधी, आक्कांचा दहावा, नदीकाठ. तेच विधान माइकवरून दुसऱ्यांदा करण्यात आले. या वेळी उत्तर द्यायला आक्का हयात नव्हत्या. जबाबदार: तेच दत्ताभाऊ.

विधान शब्दशः असे: "चित्ता आला आसंल. मी न्हाई म्हनत न्हाई. पर आमची आक्का त्यो जाईस्तोर गप बसली, हे काय आपल्याला पटत न्हाई!" दोन्ही वेळा लोक हसले. दहाव्याला तर पिंडासमोर बसलेले गुरुजीही हसले.

मी निवृत्त नाझर आहे. जिल्हा न्यायालयाच्या समन्सांची बजावणी आणि जप्तीचा माल सांभाळण्यात माझी उमर गेली. त्या जीपमध्ये मी आक्कांच्या शेजारच्या आसनावर बसलो होतो आणि माझे डोळे उघडे होते. माणूस गेल्यावर त्याच्या आयुष्यातील एकमेव मौन त्याच्या नावावरून खोडून टाकण्याचा अधिकार कोणत्याही उपसभापतीला, आजी असो वा माजी, पोहोचत नाही. म्हणून हे निवेदन.

आक्का बोलत किती, हे विरुद्ध पक्षाचे म्हणणे मी सुरुवातीलाच मान्य करून टाकतो. लिंबागणेशच्या वाटेवरच्या आमच्या गावात पहाटे पहिला आवाज कोंबड्याचा होत नसे, आक्कांचा होत असे, आणि तो कोंबड्याला उठवण्यासाठी असे. त्या माणसांशी बोलत, तसेच म्हशीशी, विहिरीवरच्या पंपाशी आणि बंद पडलेल्या मोबाइलशीही बोलत. एस.टी. चुकली तर ती गेली त्या दिशेला तोंड करून, धुरळा खाली बसेपर्यंत, तिला चार गोष्टी सुनावत. एकदा मी त्यांना विचारले, "आक्का, एवढे बोलून काय साधते?" त्यावर कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "बोलल्याबिगर काय हालतंय का, नाझरसाहेब? पंपाला बी दोन शिव्या हासडल्याबिगर पानी येत न्हाई. तुमी तर सरकारकडून पानी मागाय निगालाव, ते बी कागुद पाठवून!"

अंगाने उंच, इरकली लुगडे, मोतीबिंदू काढल्यापासून डोळ्यांवर काळा चष्मा, आणि खांद्याला एक नायलॉनची पिशवी. ही पिशवी म्हणजे आक्कांचे कार्यालय. तीत टॉवेल असत, पांढऱ्या टोप्या असत, खण असत आणि निदान दोन नारळ असत. आमच्याकडे कोणाचा मान करायचा तर पुरुषाला टॉवेल-टोपी आणि बाईला खण-नारळ, हा सर्वत्र रिवाज आहे. पण तो काम झाल्यानंतर पाळला जातो. आक्का तो कामाच्या आधी पाळत. यातच त्यांचे सारे राज्यशास्त्र होते.

त्याचा पहिला बळी मीच. माझ्या घरासमोरील तुंबलेल्या नालीबाबत मी सरपंच या नात्याने त्यांच्याकडे अर्ज केला, मग स्मरणपत्र दिले, मग वरिष्ठांकडे तक्रार करण्याचा इशारा दिला. लेखी उत्तर आले नाही. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्याबरोबर माइकवरून माझे नाव पुकारले गेले. "आपल्या गावातला सगळ्यात जागा मानूस!" असे म्हणून आक्कांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला, आणि सारे गाव टाळ्या वाजवत असताना मी त्या नालीच्या वासात उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी मी टोपी पोचपावतीसह परत केली. नारळ परत करता आला नाही, कारण तो त्यांनी तिथेच फोडून वाटला होता.

पुढच्या आठवड्यात नालीच्या ठेकेदाराचाही सत्कार झाला. त्याने अद्याप एक दगडही टाकलेला नव्हता. मी जाहीर हरकत घेतली. आक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काम झाल्यावर तर कुनी बी मान करतंय. म्या आदी करते. आता टोपी घालून त्यो पळंल कुठं? गावात जिथं दिसंल तिथं लोक इचारतील, का रं, टोपी घातली व्हती न्हवं?" नाली झाली. ती आजही वाहते. या पद्धतीला कोणत्याही अधिनियमात आधार नाही, हे मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो.

आता आफ्रिकेचा प्रश्न. संभाजीनगरच्या एका सहल कंपनीने ज्येष्ठ नागरिकांची सहल काढली आणि मी नाव नोंदवले. ही बातमी आक्कांना लागताच त्या पिशवीसह माझ्या ओट्यावर आल्या. "मी बी येते." मी कारण विचारले. त्यांचे कारण मला मान्य करावे लागले. त्या सरपंच असताना बालाघाटाच्या डोंगरातून बिबट्या उतरल्याची हाकाटी दर हंगामात व्हायची. लोक त्यांना उठवायचे, त्या काठी घेऊन पुढे व्हायच्या, आणि प्रत्येक वेळी उसातून कुत्रे निघायचे. "जलमभर लोकांनी वाघाच्या नावानं पळवलं मला," त्या म्हणाल्या. "वाघ ऱ्हाऊ द्या, शेपूट बी दिसली न्हाई. आता हितनं पुढं डोळं किती साथ देत्यात कुनाला ठावं. एकदा निस्ती शेपूट बघते आन् येते."

मुंबईच्या विमानतळावर त्यांच्या पिशवीतील नारळ काढून घेण्यात आले. नियम दाखवणाऱ्या अधिकाऱ्याचा आक्कांनी रांग अडवून तिथल्या तिथे टॉवेल-टोपी देऊन सत्कार केला. तो इतका गोंधळला की त्याने आमच्या सामानाची गाडी स्वतः ढकलत पुढे नेली, परंतु नारळ दिले नाहीत. केनियात उतरल्यावर पहिल्याच बाजारात आक्कांनी खुणा करून नवा नारळ मिळवला. भाषा येत नसल्याने त्यांचे बोलणे किंचितही कमी झाले नव्हते.

आणि मग ती पहाट. मारातली पहाट आपल्या पौषातल्यासारखी गार असते. सर्वांच्या गुडघ्यांवर कांबळी होती आणि आक्कांच्या डोक्यावरून शाल. फाटक उघडण्याच्या सुमारास जीपगाड्या रांगेत लागल्या होत्या. आमच्या जीपमध्ये मागे डॉक्टर पती-पत्नी, मध्ये आक्का आणि मी, पुढे जोसेफ, चालक आणि वाटाड्या दोन्ही तोच. जोसेफ तिथलाच, उंचापुरा, मितभाषी. या जीपगाड्यांचा टप दांड्यांवर वर उचलता येतो, म्हणजे टप आणि गाडी यांच्यामध्ये चहूबाजूंनी उघडी फट राहते आणि उभे राहून जनावरे पाहता येतात. टपाची ही रचना वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

फाटक उघडले, आणि आक्का जीपमधून खाली उतरल्या.

"ए बाबा, उतर खाली," त्यांनी जोसेफला बोलावले. टॉवेल त्याच्या खांद्यावर घातला, टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि भाषण सुरू केले. इंग्रजी करण्याची जबाबदारी माझ्यावर टाकण्यात आली. मी पूर्ण भाषणाचा एका वाक्यात गोषवारा दिला.

"एवढंच?" आक्का म्हणाल्या. "म्या त्येच्या आईबापाचं बी नाव काढलं व्हतं."

"आक्का, मागच्या गाड्या पुढे चालल्या आहेत. उन्हाआधी सिंह सावलीला जातात. वेळ टळली की दिसत नाहीत."

"सिंव्ह म्हंजी काय तहसील हाय का, येळ झाली की कुलूप लावाया?"

असे म्हणून त्यांनी फाटकाजवळच्या दगडावर नारळ फोडला. त्या आवाजासरशी शेजारच्या झाडावरून माकडांची टोळी खाली आली. आपल्याकडच्यासारखी गरीब माकडे नव्हेत ती. कुत्र्याएवढ्या तोंडाची, आडदांड. एकाने नारळाचे एक शकल नेले, दुसऱ्याने दुसरे, आणि तिसरे जीपमध्ये शिरून डॉक्टरांच्या मांडीवरचा न्याहारीचा डबा घेऊन गेले. डॉक्टरांच्या पत्नी ओरडल्या. जोसेफ टोपी सावरत हसत होता. "परसाद वाटायचा तरास वाचला," असे म्हणून आक्का जीपमध्ये चढल्या. एव्हाना रांगेत आमच्याखेरीज एकही गाडी उरली नव्हती.

परिणाम व्हायचा तोच झाला. नदीकाठी सिंहांचे कुटुंब बसल्याचे जोसेफला गाडीतल्या बिनतारी यंत्रावर कळले. आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे दडपलेले गवत होते आणि परत फिरणाऱ्या गाड्यांमधील लोक एकमेकांना फोनमधले सिंह दाखवत होते. माझा संताप मी इथे शब्दांत मांडणार नाही. तो मी त्याच जागी, जीप हलत असताना, सहल कंपनीच्या नावे तक्रारीत मांडण्यास सुरुवात केली होती.

जोसेफने आरशात पाहून टोपी सरळ केली आणि मला काही सांगितले. आक्कांनी विचारले, "काय म्हनतुया?"

"तो म्हणतो, लोक फेरी संपल्यावर आभार मानतात. आधी कोणी मानले नव्हते. आता तुम्हाला काही दाखवल्याशिवाय त्याला परत जाता येणार नाही."

"मग?" आक्का माझ्याकडे वळल्या. "टोपी घातलीया त्येनं."

जोसेफने सगळ्या गाड्या ज्या बाजूला चालल्या होत्या ती वाट सोडली आणि माळाकडची धरली. ऊन गवतावर उतरले. आक्कांचा काळा चष्मा डावीकडून उजवीकडे फिरत होता आणि तोंड चालू होते. झाडे पाहून त्या म्हणाल्या, "ही तर आपली बाभळच की! येवढ्या लांब येऊन बाभळच बगायची व्हती तर कपिलधारच्या वाटंनं गेले नसते का?" तिथल्या रानबैलांचे कळप आडवे आले, हजारांनी, धुळीने माखलेले. आक्कांनी त्यांना नापास केले. "खांदा न्हाई, वशिंड न्हाई. बाजारात कुनी दातबी बगनार न्हाई ह्येंचं." मग जिराफ दिसला. त्याच्याकडे मात्र त्या बराच वेळ मान वर करून पाहत राहिल्या. "ह्यो बरा हाय. सुगीला कडबा गंजीवर टाकाया एवडा एक आसला की गडी लावायला नको. पुढच्या येळंला आमच्या..."

वाक्य इथे थांबले. ते पुढे कधीही पूर्ण झाले नाही.

वारुळाच्या उंचवट्यामागून चित्ता निघाला होता. जोसेफने गाडी बंद केली, मागे न वळता हळू आवाजात सांगितले: खाली बसा, हात हलवू नका, एक शब्द बोलू नका. मी ते मराठीत सांगण्याआधीच आक्का बसल्या होत्या. माळावर उंच जागा नसली की शिकार हेरायला हे जनावर कधी कधी गाडीवर चढते, असे जोसेफने नंतर सांगितले. त्या क्षणी सांगितले असते तर बरे झाले असते. चित्ता चालत आला, बॉनेटवर चढला, तिथून टपावर. पत्रा कुरकुरला. आणि टपाच्या कडेवरून, उघड्या फटीतून, आक्कांच्या चेहऱ्यापुढे एक शेपूट खाली लोंबली.

ठिपके, मग काळी कडी, आणि टोकाला पांढरा झुपका. तो डावीकडे जाई, उजवीकडे येई, आणि मध्ये आक्कांच्या चष्म्याला लागे.

मागे डॉक्टरांनी आणि त्यांच्या पत्नीने डोळे गच्च मिटले होते. हात हलवण्यास मनाई असल्याने सर्वांचे फोन खिशात राहिले. छायाचित्र नाही याचे कारण एवढेच आहे, आणि मी ते दोन सभांमध्ये सांगितले आहे. मी डोळे फिरवून आक्कांकडे पाहिले. त्यांनी मांडीवरचा एक हात अतिशय सावकाश उचलला, मनाई मोडून, आणि ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले. वास्तविक बोलण्याचा माझा कोणताही हेतू नव्हता.

मग चित्त्याने ती जागा आपली असल्याची खूण केली. ज्या पद्धतीने ते जनावर खूण करते, त्या पद्धतीने. ती धार टपाच्या फटीतून आक्कांच्या शालीवर आली. बीड जिल्ह्यात या प्रकाराबद्दल आक्का कोणालाही, अगदी जिल्हाधिकाऱ्यालाही, काय बोलल्या असत्या ते मी इथे लिहू शकत नाही. तिथे त्या बोलल्या नाहीत. ओठांवरचे बोटही हलले नाही. किती वेळ, ते मी सांगणार नाही, कारण घड्याळ पाहण्यासाठी मनगट वळवावे लागले असते. शेवटी लांबवर हरणे उधळली, पत्रा पुन्हा कुरकुरला, शेपूट वर गेली, आणि माळावर पिवळी रेघ ओढल्यासारखा चित्ता निघून गेला.

तो गेल्यावरही आक्का बोलल्या नाहीत. जोसेफने गाडी सुरू केली, तेव्हा त्यांनी बोट ओठांवरून काढले.

"नाझरसाहेब," त्या म्हणाल्या, "शेपूट बगितली."

जोसेफने ती मादी असल्याचे सांगितले. आक्का हळहळल्या. "बाई व्हती व्हय! खण हाय पिशवीत. पर नारळ माकडांनी न्हेला." मुक्कामी पोहोचताच तेथील नोकरांनी ती शाल नेऊन तत्परतेने धुतली. अशा रीतीने एकमेव मुद्देमाल नष्ट झाला. कंपनीकडे करावयाची माझी तक्रार मी पूर्ण केली, परंतु विलंबाबद्दलचा परिच्छेद वगळला. वेळेवर निघालो असतो तर आम्हीही बाकीच्यांसारखे सिंहच पाहून आलो असतो.

पाचव्या माळेला पारावर जे घडले ते वर नमूद केले आहे. आक्काही सर्वांबरोबर हसल्या. सभा उठल्यावर मात्र त्या पाराच्या पायरीवर बसून राहिल्या. मी जवळ गेलो.

"चित्त्याचं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पर म्या जलमात एकदाच गप बसले, नाझरसाहेब, आन् त्येच कुनी मानंना. दत्त्या तर म्हनतो, शेपटीचा बी सत्कार केला आसंल."

"मी साक्ष दिली होती, आक्का."

"तुमचं कोन ऐकतंय! तुमी नालीवर बी तसंच बोलता. दुसरा कुनी तरी बगा."

मी अंबाजोगाईला डॉक्टरांना फोन लावला. ते संकोचले. "नाझरसाहेब, आमचे डोळे मिटलेले होते. पाहिले नाही ते कसे सांगू?" मी म्हटले, "पाहिले नाही, मान्य. ऐकले काय?" डॉक्टर म्हणाले, "खरं सांगू? काहीच ऐकू येईना, म्हणून तर डोळे उघडायची हिंमत झाली नाही. आम्हा दोघांना वाटलं, आक्कांना खाल्लं."

पुराव्याच्या कायद्याचे नाव अलीकडे बदलले आहे, पुराव्याचे स्वरूप बदललेले नाही. दृश्याच्या साक्षीला डोळे लागतात. मौनाच्या साक्षीला कान पुरतात, आणि डॉक्टरांचे कान पूर्ण वेळ उघडे होते. यापेक्षा निर्णायक पुरावा मी माझ्या सेवाकाळात पाहिलेला नाही.

हे सांगायला मी निघालो तो दिवाळीनंतरचा दिवस होता. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचे ट्रक वेशीजवळ उभे होते, भांडी, बिऱ्हाडे आणि शेरडांसकट. आक्का पहिल्या ट्रकसमोर रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. ड्रायव्हरच्या डोक्यावर नवी टोपी होती, इंजिन सुरू होते, आणि भाषणही सुरू होते. "माज्या बाया-बापड्या घिऊन चाललास. तेलगावचं वळण लई वंगाळ हाय. निवांत न्हे. टोपी घातलीया तू, ध्यानात ठेव!" वर ट्रकमध्ये बसलेल्या बायका हसत होत्या. एक म्हणाली, "आक्का, आता सोडा की आमाला, कारखाना बंद पडंल!"

मी रस्त्याच्या पलीकडून हात वर केला आणि ओरडलो, "आक्का! साक्षीदार मिळाला! डॉक्टरांनी ऐकलं!"

त्यांनी वळून पाहिले. त्यांना कळले, हे चष्म्याखालच्या हसण्यावरून मला दिसले. मग त्यांनी एक हात सावकाश उचलला आणि ओठांवर बोट ठेवले, जीपमध्ये ठेवले होते तसेच. भर रस्त्यात, एवढ्या इंजिनांच्या आवाजात, त्या माझ्याकडे पाहत तशाच उभ्या राहिल्या. मग ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, आक्का त्याच्याकडे वळल्या आणि बोलणे जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू झाले. ट्रक निघाले, वळणाआड गेले, तरी धुरळा खाली बसेपर्यंत त्यांचे सांगणे चालूच होते. मी आक्कांना पाहिले ते शेवटचे; नंतर मी परगावी होतो आणि परतलो तो त्यांच्या दहाव्याला.

सबब माझी मागणी अशी. दत्ताभाऊंनी या निवेदनाचे उत्तर खाजगीत, फोनवर किंवा कार्यकर्त्याकरवी देऊ नये. त्यांनी ते जाहीरपणे द्यावे. मारुतीच्या त्याच पारावर, त्याच माइकसमोर, गाव जमल्यावर त्यांनी उभे राहावे. त्यांच्या डोक्यावर टोपी मी स्वतः ठेवीन, आणि ती आधी ठेवीन. त्यांच्या चेहऱ्यापुढे चित्त्याची शेपूट नसेल, अंगावर कसलीही धार पडणार नाही, याची हमी देतो. फक्त समोर लोक असतील आणि माइक सुरू असेल. अशा सर्व सवलतींसह त्यांनी, मी ओठांवर ठेवलेले बोट काढेपर्यंत, आक्का बसल्या होत्या तसे गप्प उभे राहून दाखवावे. जमले तर मी माझे म्हणणे मागे घेईन. जमले नाही, तर जे आपल्याला जमत नाही ते आपल्या चुलतीला जमले होते, असे त्यांनी त्याच माइकवरून सांगावे, आणि मग हवे तितके बोलावे.